कल्हई: कथील, तांबे, जस्त आणि नको असलेले शिसे

शंकासूर
पितळी आणि तांब्याची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात येऊ लागली आहेत. तुळशीबागेत भांडे मिळते, कल्हईचे कोडे मात्र सुटत नाही. कल्हई म्हणजे नेमका कोणता धातू? कथलाची कांडी शुद्ध आहे हे कसे ओळखायचे? घरी जमते का? किती टिकते? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावे ही विनंती. 'पूर्वीचे लोक खात होतेच की' या धर्तीचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

आवर्तसारणी
कल्हई म्हणजे कथील, दुसरे काही नाही. शब्दही अरबी 'कलई'वरून आला, त्याचा अर्थ कथीलच. अणुक्रमांक ५०, घनता ७.३, वितळणबिंदू २३२ अंश सेल्सिअस. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि पितळ साधारण ९०० ते ९४० ला. कल्हईचा सगळा खेळ या फरकावर उभा आहे. भांड्याला धक्का न लावता आतला धातू पाण्यासारखा पातळ करता येतो.

कथील भांड्याला रंगासारखे वरवर चिकटत नाही. वितळलेले कथील स्वच्छ तांब्याला लागले की दोन्ही धातूंचे एकमेकांत संयुग होते. हा थर अगदी पातळ असतो, पण पकड त्याचीच. म्हणून नीट केलेली कल्हई पापुद्र्यासारखी सुटत नाही, ती झिजते. पापुद्रे सुटत असतील तर खाली मळ किंवा ऑक्साइड राहिले होते असे समजावे.

गरज का पडते, तर आम्लामुळे. निव्वळ आम्लात तांबे सहजी विरघळत नाही, हवेतला ऑक्सिजनही लागतो. ताक, आमटी, चिंचेचा कोळ यांत तो विरघळलेला असतोच, शिवाय भांड्याचा काठ उघडा. मग पदार्थ कळकतो, हिरवट होतो, जीभ आवळते, मळमळते. पितळेत तर तांब्याबरोबर जस्तही उतरते, कारण जस्त या तिघांत सगळ्यांत चटकन आम्लाला शरण जाते. कथीलही विरघळते, पण फार सावकाश, आणि पोटात गेलेले बहुतेक कथील तसेच बाहेर पडते.

भाताफुंक्या
वरच्याला अनुमोदन. आता कृती. चार-साडेचार लिटरचे पितळी पातेले धरू: व्यास २२ सेंमी, उंची १२ सेंमी. आतले क्षेत्रफळ येते साधारण १२०० चौरस सेंमी. १० मायक्रॉनचा थर द्यायचा तर जेमतेम ९ ग्रॅम कथील लागते, २० मायक्रॉनला १८ ग्रॅम. बोळ्याला लागून जाणारे, निथळणारे धरून २५ ग्रॅमची कांडी हाताशी ठेवावी. नवसागर दोन-तीन चमचे, कोरडा आणि बारीक कुटलेला.

आधी तेलकटपणा काढायचा. धुण्याचा सोडा घालून पाणी उकळायचे आणि त्याने भांडे घासायचे. मग चिंच-मीठ लावून काळेपणा घालवायचा, बारीक वाळूने आतून सगळीकडे एकसारखे घासायचे, भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे. नव्या भांड्यावर चमक टिकावी म्हणून वार्निश मारलेले असते. ते आधी ॲसिटोनने काढा, नाहीतर तापवताना जळून डाग बसतात आणि तिथे कथील धरत नाही. वेळ सगळा इथेच जातो. प्रत्यक्ष कल्हई पाच मिनिटांचे काम आहे.

कोळशाच्या शेगडीवर किंवा रुंद बर्नरवर भांडे सांडशीत धरून फिरवत तापवायचे. नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर यायला हवा. कांडी टेकवल्यावर ती लगेच ओघळली की ताव बरोबर. ओघळायच्या आधी नुसती मऊ होऊन घासली जात असेल तर थांबा. उलट कथील पडल्या पडल्या पिवळट किंवा निळसर होत असेल तर ताव जास्त झाला, भांडे बाजूला घ्या.

मग नवसागर भुरभुरवून कापसाच्या जाड बोळ्याने घासायचे, कांडी दोन-चार ठिकाणी टेकवायची आणि बोळ्याने तळापासून काठाकडे कथील पसरवत न्यायचे. जिथे कथील धरत नाही तिथे पुन्हा चिमूटभर नवसागर. जादा कथील पुसून घ्यायचे. गोळे राहिले तर दिसायला वाईट, शिवाय तिथेच आधी उकलते. शेवटी भांडे गार पाण्यात बुडवायचे, म्हणजे थर लगेच गोठतो, चमक राहते, आणि कथील-तांब्याच्या संयुगाचा थर उगाच जाड होत नाही. तो थर ठिसूळ असतो.

शंकासूर
नवसागर नेमके काय करतो? आणि तो नसेल तर?

आवर्तसारणी
नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. साधारण ३४० अंशांच्या पुढे, आणि गरम धातूवर त्याच्या आतच थोडेथोडे, ते फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड धातूवरचे ऑक्साइड खाऊन टाकतो आणि उघडा पडलेला धातू कथलाला भेटतो. दिसणारा पांढरा धूर म्हणजे तेच दोन वायू वर जाऊन गार झाल्यावर पुन्हा जुळलेला नवसागर. गंमत अशी की भांडे फार तापले तर नवसागर काम करायच्या आतच उडून जातो. नवखे लोक मग आणखी टाकतात, आणखी धूर होतो आणि कथील तरीही धरत नाही.

याच कारणाने ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलवर ही कल्हई होत नाही. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड घट्ट असते आणि घासल्यावर क्षणात पुन्हा तयार होते. स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडची कातडी असते. नवसागराला दोन्ही दाद देत नाहीत. लोखंडी पत्र्यावर मात्र कथील छान बसते, डबाबंद पदार्थांचे डबे त्याचेच.

चिंचकोळ
एक सावधगिरी. हा धूर नाकातोंडात झोंबतो, दम्याच्या माणसाला त्रास होतो. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट लावून हे करू नये, गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहून करावे. भांड्यात पाण्याचा थेंब राहिला तर वितळलेले कथील उडते, चष्मा हवाच. आणि सोड्याने घासलेले भांडे नीट न धुता त्यात नवसागर टाकू नका, अमोनियाचा भपकारा येतो.

पासोड्यावाला
सगळ्यात महत्त्वाचे राहिले. कथलाची कांडी मिळत नाही म्हणून पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सोल्डरची तार आणून कल्हई करण्याचे सल्ले आंतरजालावर फिरत आहेत. अजिबात करू नका. नेहमीची तार ६०/४० असते, म्हणजे ४० टक्के शिसे. ती १८३ ते १९० अंशांतच वितळते, सहज पसरते, चकाकते, आणि काम 'छान' झाल्यासारखे वाटते. आंबट आमटीत ते शिसे उतरते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

शिसेविरहित तारही नको. तिच्या पोटात राळेचा किंवा दुसरा काही फ्लक्स (नवसागरासारखे ऑक्साइड काढणारे द्रव्य) असतो, आणि तो जेवणाच्या भांड्यासाठी बनवलेला नाही.

शंकासूर
मग कांडी कशी पारखायची? कल्हईवाल्यासमोर प्रयोगशाळा उघडता येत नाही.

पासोड्यावाला
०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरतो. कांडीचा ५० ते १०० ग्रॅमचा तुकडा कोरडा मोजा. मग पेल्यात पाणी भरून पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकवू नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे ग्रॅम पाणी बाजूला सरले. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता.

१०० ग्रॅम शुद्ध कथलाला आकडा येतो १३.७. १० टक्के शिसे असेल तर १३.२ च्या आसपास. ६०/४० सोल्डरला ११.८ आणि निव्वळ शिशाला ८.८. म्हणजे मोठी भेसळ लगेच पकडली जाते, पाच टक्क्यांच्या आतली निसटते. तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर तो हलका भासतो आणि भेसळ लपते, म्हणून दोरा दोनदा झटकून घ्या.

धातुवेडा
या पद्धतीत एक भोक आहे. जस्ताची घनता ७.१४, कथलाच्या अगदी शेजारी. जस्त मिसळले असेल तर हा काटा काही बोलणार नाही. पण जस्त ४१९.५ अंशांना वितळते, त्यामुळे मिश्रण कथलासारखे एकदम पातळ होत नाही, दाणेदार लगदा राहतो. शिशाच्या मिश्रणाचेही तसेच. शुद्ध कथील २३२ ला घनाचे द्रव होते आणि मधली अवस्था जवळजवळ नसते, मिश्रण आधी लापशीसारखे होते. थंड होताना बघा, लापशी झाली की शंका घ्या.

कानाची परीक्षाही आहे. बोटभर जाडीची शुद्ध कांडी कानाजवळ वाकवली की करकरते. स्फटिक आतल्या आत कूस बदलतात त्याचा तो आवाज. शिसे बऱ्यापैकी असेल तर कांडी मुकाट वाकते. कागदावर ओढून बघायची जुनी पद्धत मात्र कच्ची आहे. शिसे ठळक करडी रेघ काढते हे खरे, पण थोड्या भेसळीला ती रेघ येत नाही.

कसबेकर
लक्ष्मी रस्त्यावर सराफांकडे कॅरट मीटर असते, क्ष-किरणांवर चालणारे. तिथे भांडेच नेऊन तपासले तर?

पासोड्यावाला
भांडे नको, कांडी न्या. कल्हईचा थर इतका पातळ की किरण आरपार जाऊन खालचे तांबे-जस्तही मोजतात आणि टक्केवारीचा खिचडा होतो. शिवाय ते यंत्र सोन्यासाठी लावलेले असते. यादीत शिसे आहे का हे आधी विचारा. यादीतच नसेल तर 'शिसे नाही' या निकालाला अर्थ नाही.

एक मुद्दा लोक विसरतात. जुन्या कल्हईत शिसे असल्याची शंका असेल तर त्यावर शुद्ध कथलाचा नवा थर देऊन काहीही साधत नाही. तापवल्यावर दोन्ही थर वितळून एकच होतात.

पंचांगकर
अवांतर, पण विषयाला धरून. कथील आणि शिसे हे दोन वेगळे धातू आहेत हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होते. यजुर्वेदातल्या 'चमक' या सूक्तात धातूंच्या यादीत सीस (शिसे) आणि त्रपु (कथील) स्वतंत्रपणे येतात. रोमन लोक मात्र दोघांनाही 'प्लंबम'च म्हणत, एक काळे आणि एक पांढरे. शिशाचे चिन्ह पीबी त्याच शब्दातून आले. कथलाचे चिन्ह एसएन आहे 'स्टॅनम'वरून.

आवर्तसारणी
अवांतर आवडले, म्हणून जस्ताचेही सांगतो. पितळ हजारो वर्षे जुने, पण धातुरूपातले जस्त हाती यायला फार उशीर झाला. कारण जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याचे खनिज कोळशाबरोबर तापवून धातू सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे भट्टीत जस्त जन्मतःच वाफ होऊन येते आणि हवा लागली की पांढरी राख होऊन उडून जाते. जुने कारागीर म्हणून जस्त वेगळे काढतच नसत. तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा एकत्र बंद मुशीत तापवत, वाफ थेट तांब्यात मुरे आणि पितळ तयार होई.

राजस्थानात उदयपूरजवळच्या झावरला यावर तोड निघाली. मातीची वांग्याच्या आकाराची बंद नळकांडी उलटी लावायची, वरून आच द्यायची आणि वाफ नळीतून खाली थंड भांड्यात उतरवायची. मोठ्या प्रमाणावर जस्ताचे ऊर्ध्वपातन तिथे युरोपच्या कितीतरी आधी होत होते. रसरत्नसमुच्चयात या उपकरणाचे वर्णन आहे. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ साली पेटंट घेतले, बर्लिनच्या मार्ग्राफने १७४६ साली धातू वेगळा करून त्याचे गुण नोंदवले, आणि पाठ्यपुस्तकांत शोधाचे श्रेय बहुधा मार्ग्राफकडे जाते. ते श्रेय 'नोंदवले' या शब्दापुरते ठीक आहे.

शंकासूर
परत चुलीपाशी येऊ. कल्हईच्या पातेल्यात फोडणी केलेली चालते का?

भाताफुंक्या
नाही. रिफाइंड शेंगदाणा तेल धुरावते साधारण २३० अंशांच्या आसपास, आणि कथील वितळते २३२ ला. तेल धुरावले म्हणजे कल्हईही उकलायच्या बेतात आली. फोडणी लोखंडी कढल्यात करून वरून ओता. आपल्याकडे ती रीत होतीच, तिच्यामागचे एक कारण हे.

पातेल्यात पाणी, दूध, वरण असेपर्यंत भिजलेला भाग शंभरीच्या फार वर जात नाही. धोका दोन ठिकाणी. एक, पातेले रिकामे गॅसवर राहिले तर मिनिट-दोन मिनिटांत कथलाचे थेंब तळाला गोळा होतात. दुसरे, ज्वाळा भांड्याच्या बाजूने वर येत असेल तर रश्श्याच्या पातळीवरचा कोरडा काठ तापतो आणि तिथे काळपट कडे पडते. ज्वाळा तळाच्या आतच ठेवा.

तांब्या-पितळेचे भांडे इंडक्शनवर चालणार नाही, हेही सांगून ठेवतो, कारण तोच प्रश्न पुढे येणार.

चिंचकोळ
घासण्याबद्दल. आतून तारेची घासणी, राख, पावडर काही लावू नका. मऊ स्पंज आणि साबण, खरवड असेल तर कोमट पाण्यात भिजवा. उलथणे लाकडी. कल्हई काही दिवसांत करडी पडते, ते कथलाचे ऑक्साइड असते. ते दोष नाही आणि घासून घालवायचेही नाही. आतून पिवळे किंवा लालसर तांबे रुपयाएवढे उघडे दिसले की पुन्हा कल्हई. तारखेला बांधून घेऊ नका. रोज आमटी शिजणारे भांडे आणि सणाला निघणारे भांडे यांचे वेळापत्रक एक नसते.

बाहेरून पितळेला चिंच-मीठ लावा, पण मिनिटभरात धुऊन टाका. तासभर ठेवले की पितळ गुलाबी होते. लोकांना वाटते भांडे 'हलके' होते म्हणून रंग सुटला. खरे कारण असे की आम्लाने वरचे जस्त खाल्लेले असते आणि विरघळलेले तांबे परत वर बसलेले असते. ते बारीक पावडरने घासून निघते. शेवटी चिमूटभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, आम्ल मरते आणि भांडे लवकर काळे पडत नाही.

काठावरची
थोडे स्पष्ट विचारते. बाळाचे दूध तांब्या-पितळेत तापवू नये म्हणतात, ते खरे की भीती घालणे?

आवर्तसारणी
खरे आहे, आणि या प्रश्नावर महत्त्वाचे काम पुण्यातच झाले आहे. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार भारतात होता, इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. त्या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड साठलेले आढळे. १९८०च्या दशकात इथल्या केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत मुलांच्या आहाराचा तपशील काढला. आईच्या दुधाऐवजी गाई-म्हशीचे दूध, आणि तेही कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवून साठवलेले, हा दुवा पुढे आला. दुधातले केसीन तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे दूध फारसे आंबट नसतानाही भांड्यातून तांबे ओढून घेते. आनुवंशिक कारणांचीही चर्चा झाली. पण पितळेच्या जागी स्टील आले तसा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

म्हणून बाळाचे दूध स्टीलमध्ये, कल्हई असली तरीही. कल्हई कुठे झिजली आहे हे रात्री दोन वाजता कुणी बघत नाही.

पंचांगकर
आणि तांब्याच्या तांब्यातले पाणी?

आवर्तसारणी
नुसते साधे पाणी रात्रभर ठेवायला मोठ्या माणसाला हरकत नाही. त्यात उतरणारे तांबे सहसा जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या बरेच खाली राहते. पाण्यातले कित्येक जिवाणू काही तासांत मरतात हेही खरे. पण त्यात लिंबू पिळून ठेवू नका, ताक ठेवू नका, आणि पाण्याच्या भांड्याला आतून कल्हईही करू नका. मग तांब्याचा उपयोग काय उरला?

धातुवेडा
थंडीत एक प्रश्न नेहमी येतो म्हणून आधीच उत्तर देतो. १३.२ अंशांखाली पांढऱ्या कथलाचे करड्या भुकटीत रूपांतर होऊ शकते, त्याला कथलाचा रोग म्हणतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. तरी कल्हईची भुकटी होणार नाही. तेराच्या जवळ हा बदल अतिशय मंद असतो, वेग येतो तो उणे तीस-चाळीस अंशांना, आणि आपले पातेले रोज चुलीवर चढते.

कसबेकर
हलके घ्या, पण काशाच्या वाटीने तळपाय घासल्यावर काळे निघते ती 'उष्णता' असते ना?

धातुवेडा
ती वाटी असते. कासे म्हणजे साधारण ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील. तुपातेलाबरोबर घासताना धातूचे सूक्ष्म कण सुटतात, घाम आणि स्निग्धाम्लांशी मिळून काळे पडतात. वाटी तूप लावून कोरड्या लाकडावर घासून पाहा, लाकडाचीही 'उष्णता' निघेल. पाय चोळून बरे वाटते, त्याबद्दल वाद नाही.

काठावरची
तांब्याच्या बंबालाही आतून कल्हई करतात का?

भाताफुंक्या
अंघोळीच्या पाण्याला गरज नाही. बंबाचे दुखणे वेगळे. कोरडा पेटवला आणि सांध्याला कुणी शिसे-कथलाचा डाक लावलेला असेल, तर तो १८३ अंशांना सुटायला लागतो आणि नळाच्या बुडाशी गळती सुरू होते. म्हणून आधी पाणी, मग जाळ. गळती लागलीच तर पितळी डाक देणाऱ्याकडे न्या, तो कितीतरी जास्त ताव सोसतो. बोअरचे पाणी असेल तर आत पांढरी खपली धरते. ती ठोकून काढू नका. दहा लिटर पाण्याला अडीचशे-तीनशे ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून, न पेटवता, तासभर ठेवा, फेस थांबला की ओतून दोनदा धुवा. रात्रभर ठेवले तर खपली संपल्यावर ते आम्ल तांब्याकडे वळते.

तांबट आळीत भांडे दुरुस्तीला दिले तर एवढे सांगा की लालबुंद तापवू नका. मठारल्याने, म्हणजे हातोडीने ठोकून घडवल्याने, तांब्याला ताठपणा आलेला असतो. तो लाल तावावर जातो, आणि मग भांडे नुसते आपटले तरी त्याला पोचा पडतो.

शंकासूर
सर्वांचे आभार. कांडी पाण्यात तोलून पाहिली: कोरडे वजन ६२.४ ग्रॅम, बुडवल्यावर ८.१.

पासोड्यावाला
७.७. एक तर १५ टक्क्यांच्या आसपास शिसे, नाहीतर तुकडा पूर्ण बुडला नव्हता. पुन्हा एकदा तोला, दोरा बारीक घ्या. तोच आकडा आला तर कांडी परत करा.